भाऊसाहेबांचा कॅमशाफ्ट

भाऊसाहेबांना मोटारीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि हे लिहिताना मला या वयातही बरं वाटतं. मोटारीला टेकून उभं कसं राहायचं, गॉगल केव्हा काढायचा, हॉर्न कुठल्या घरापुढे वाजवायचा, एवढं त्यांना उत्तम कळे. आष्ट्याच्या पुढे नदीकाठी त्यांची उसाची जमीन होती, सांगलीत दुमजली घर होतं, मित्रमंडळी साताऱ्यात होती आणि कामधंदा कुठेच नव्हता. त्यांच्याकडे एक हिरवी विलायती मोटार होती. पुढे दोन माणसांची जागा, आणि मागचं झाकण उघडलं की आणखी दोघं उघड्यावर बसतील अशी डिकी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती गाडी, पण माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, हाताखाली असल्यामुळे कधी वाटेत उभी राहिली नव्हती. कुपनावर मिळणारं भेसळीचं पेट्रोल, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, पावसाळ्यातला चिखल, सगळं सोसून ती रोज तशीच चालायची. भाऊसाहेबांना दुःख होतं ते त्याचंच. रोज तशीच चालणाऱ्या वस्तूची त्यांना किंमत नव्हती. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनीसाहेबांना, विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

आमचं गॅरेज सांगली-मिरज रस्त्याला, विश्रामबागेच्या अलीकडे. तेव्हा तिथं दोन्ही अंगाला नुसती शेतं होती. रस्त्याकडेला पत्र्याची शेड आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या आमच्या दोन खोल्या. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे सकाळी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज शेडमध्ये आणि शेडमधला घणाचा आवाज आमच्या ताटात यायचा. आई म्हणायची, या घरात कांदा चिरला तरी ग्रीसचा वास येतो. आप्पा जेवायला येताना लाकडाच्या भुशाने हात घासून, मग सोड्याने धुऊन, मग पुन्हा आईसमोर पालथे-उताणे करून दाखवून बसायचे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत आणि वर घट्ट दही, इतकं असलं की ते कोणाशी बोलत नसत. जेवतानाही त्यांचे कान रस्त्यावर असायचे. लांबून एखादी मोटार येत असली की घास हातात धरून थांबायचे, ती पुढे निघून गेली की म्हणायचे, "दोन नंबरचा प्लग," किंवा "क्लच जाळतोय, गाढव," आणि मग तो घास तोंडात जायचा. त्यांच्या लेखी जगातली निम्मी माणसं गाढव होती. उरलेली त्यांना अजून भेटली नव्हती.

मी मॅट्रिक झाले होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. स्थळं बघणाऱ्यांना घाई नव्हती आणि मलाही नव्हती. आप्पांची जवळची नजर गेली होती. मिरजेहून आणलेला चष्मा त्यांनी फळीवर ठेवून दिला होता, कारण चष्मा लावलेला मिस्त्री गिऱ्हाइकाला म्हातारा वाटतो. त्यामुळे नजरेचं काम माझ्याकडे आलं. इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व असतात, त्यांच्यात आणि त्यांना दाबणाऱ्या दांडीत कागदाएवढी फट ठेवावी लागते. ती फट पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून मोजायची. आमच्याकडे त्याला गॅप बघणं म्हणत. पट्टी सरकताना बोटाला किंचित ओढ लागली पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. मला ते फार चांगलं जमायचं. आप्पा कोणाची स्तुती करत नसत, पण एकदा उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीच्या मालकाला ते म्हणाले, "गॅप शकीनं बघितलाय, आता वर्षभर झाकण उघडू नगंस." मी ते वाक्य कित्येक दिवस मनात घोळवत होते. माणसाला स्वतःबद्दल गैरसमज व्हायला एवढं पुरतं.

त्यात माझा थोरला भाऊ दत्तूदादा लढाईवरून परत आला. पलटणीच्या मोटार वर्कशॉपमध्ये तो इराककडे होता. येताना त्याने एक चामड्याचं जाकीट, खाकी रंगाची हत्यारपेटी आणि "आमच्या वर्कशॉपमध्ये" हे दोन शब्द आणले. आईने पिठलं केलं तरी आमच्या वर्कशॉपमध्ये ते वेगळं असायचं. पुढे खूप वर्षांनी त्याच्याबरोबर असलेला एक गृहस्थ भेटला, तेव्हा कळलं की दादा तिथे तीन वर्षं सुट्या भागांच्या कोठारात पेट्या उचलत होता; इंजिनाला त्याने हात लावला असेल तर तो पुसायला. पण तेव्हा मला तो मोठा वाटायचा. आप्पा वाटेल ते जुनं सांभाळत बसणारे आणि दादा नव्या जगातला. भाऊसाहेबांना तर तो सापडलेल्या भावासारखा वाटला. दोघं शेडच्या दारात सिगारेटी ओढत तासन्‌तास बोलत बसायचे. साताऱ्याच्या एका मित्राशी भाऊसाहेबांची पैज लागली होती: यवतेश्वरचा घाट मोटारीने आधी कोण चढतो. हरेल त्याने मिशी उतरवायची. चाळिशीला टेकलेल्या दोन बापांची ही पैज.

आणि मग ती पेटी आली. भाऊसाहेबांनी मुंबईच्या कुठल्याशा दलालाकडून मागवलेली, आत भुसा, भुशात तेलकट कागद आणि कागदात कॅमशाफ्ट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या पोटात एक आडवा दांडा फिरत असतो आणि त्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. उंचवटा वर आला की तो टॅपेट नावाचा एक खुंट उचलतो, खुंट व्हॉल्व उघडतो, आणि इंजिन श्वास घेतं किंवा सोडतं. या नव्या दांड्याचे उंचवटे जास्त उंच होते, म्हणजे इंजिन जास्त खोल श्वास घेणार आणि जास्त जोरात पळणार. दलालाने सांगितलं होतं, विलायतेत शर्यतीच्या गाड्यांना हाच घालतात. त्यावर कुणाचाही शिक्का नव्हता.

आप्पांनी तो हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि बारीक कानस मागितली. एका उंचवट्याच्या कडेला त्यांनी ती हलकेच ओढली. कडक पोलादावरून कानस घसरते, काचेवरून घसरावी तशी. इथे ती चावली आणि आप्पांच्या अंगठ्यावर चकचकीत कीस पडला.

"मऊ हाय," आप्पा म्हणाले. "तापवून वरनं पाणी दिल्यालं न्हाई. ह्ये चार दिस पळंल आन मग सोताला खाईल."

"आप्पा, अहो, विलायती माल आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"विलायतेत बी गाढवं असत्यात. बरं, ह्याच्या जोडीच्या स्प्रिंगा कुठायत? नवं टॅपेट कुठायत? जुनं टॅपेट जुन्या कॅमवर घासून बसल्यात. नव्या कॅमला नवंच पायजेल."

दादा पुढे झाला. "स्प्रिंगांचं मी बगतो. लष्करी लिलावातल्या लॉरीच्या हायत, लय कडक. आमच्या वर्कशॉपमध्ये..."

"तुझं वर्कशॉप तू तुज्या खिशात ठेव," आप्पा म्हणाले. "मऊ कॅमवर कडक स्प्रिंगा घालतोस? म्हंजे आजाऱ्याच्या उरावर धोंडा. ह्या शेडमदी ह्यो दांडा बसायचा न्हाई."

भाऊसाहेब हसले. समोरचा माणूस बरोबर बोलत आहे हे कळलं की ते तसे हसायचे. चारच दिवसांनी आप्पांना आटपाडीकडून बोलावणं आलं. एका विहिरीवरचं ऑइल इंजिन पूर्ण उघडायचं होतं, आठ-दहा दिवसांचं काम. ते ज्या सकाळी गेले त्याच दुपारी हिरवी गाडी शेडमध्ये आली. आई दारात उभी राहून म्हणाली, "दत्तू, त्यांनी नको म्हटलंय न्हवं?" दादा म्हणाला, "आई, तू भाकरी बघ." आई गेली. मी गेले नाही. मी पट्ट्या पुसून तयार ठेवल्या होत्या, हे आधीच सांगून टाकते.

तीन दिवसांत दांडा बसला, खाली जुनेच टॅपेट आणि वर दादाच्या कडक स्प्रिंगा. गाडी सुरू झाली तेव्हा तिचा आवाजच बदललेला होता. सावकाश ती आता चालेना, गचके द्यायची, पण पाय दाबला की अशी उसळायची की रस्त्यावरची बैलं बुजायची. साताऱ्याला भाऊसाहेब पैज जिंकले. दादा बरोबर गेला होता. तो म्हणाला, घाटाच्या शेवटच्या वळणावर मित्राची गाडी दिसतसुद्धा नव्हती. मित्राने मिशी उतरवली नाही. ही माणसं शब्दाला किती जागतात याचा अनुभव मला पुढेही आला. कंदी पेढ्यांचा पुडा मात्र आमच्याकडे आला आणि भाऊसाहेब माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "शकुंतलाबाई, निम्मी शर्यत तुम्ही जिंकलीत." मला कोणी बाई म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

परवा आमच्या इमारतीखाली एक पोरगा नवीन गाडीचं इंजिन नुसतं ओरडवत उभा होता. शेजारी चार मित्र, प्रत्येकाच्या हातात फोन. मी वरून पाहत होते. ते कौतुक, ते हसू, सगळं मला तोंडपाठ आहे. मी खिडकी लावून घेतली.

साताऱ्याहून गाडी आल्यावर मी गॅप बघितला. सात व्हॉल्व जागच्या जागी होते, तीन नंबरच्या सिलिंडरचा एक सुटला होता. जिथे पट्टीला ओढ लागायची तिथे ती सैल पडत होती. स्क्रू ढिला झाला असेल म्हणून मी आवळला. चार दिवसांनी पुन्हा बघितलं, पुन्हा तोच, आणि या खेपेला दुप्पट. स्क्रू घट्ट होता. याचा अर्थ मला समजत होता. खाली पोटात कॅम आणि टॅपेट एकमेकांना खात होते.

मी दादाला सांगितलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "नवीन हाय, बसतंय अजून. आवळ आन गप ऱ्हा. आप्पास्नी बोलू नगंस."

त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी मला गाडी चालवायला दिली. विश्रामबागेच्या सरळ रस्त्यावर, दादा डिकीत, भाऊसाहेब शेजारी. मी स्टिअरिंग धरलं, पाय दाबला आणि दोन्ही बाजूंची शाळूची शेतं वितळल्यासारखी मागे गेली. सांगलीत तेव्हा कुठली मुलगी मोटार चालवत नव्हती. उतरल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "आता रोज." मी तेवढ्यावर विकली गेले. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी दादाच्या धाकाने गप्प राहिले. तसं नव्हतं. धाक-बिक काही नव्हता. मला उद्याही गाडी चालवायची होती.

दोन दिवसांनी आप्पा परत आले. गाडी शेडपुढून गेली आणि त्यांचा घास हातातच राहिला. ते जेवणावरून उठले. दादाला त्यांनी एवढंच सांगितलं, "काढ. जुना दांडा घाल." भाऊसाहेबांनी ऐकलं नाही. "आप्पा, तुमचं वय झालं आता. गाडी यवतेश्वर चढली, आणखी काय पाहिजे?" असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. पुन्हा त्या गाडीला हात लावणार नाही, एवढं म्हणून आप्पा आत गेले. पण दुसऱ्या दिवशी, मी कंदिलाच्या काचा पुसत बसले असताना, ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"शके, गॅप बघितलास न्हवं त्या गाडीचा?"

"व्हय."

"जागेवर ऱ्हातोय का?"

"ऱ्हातोय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

भाऊसाहेबांच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं. रविवारी सकाळी ते दादाला आणि मला घेऊन तिकडे निघाले. आईने नको म्हटलं, दादा बरोबर आहे म्हणून मग हो म्हटलं. गुऱ्हाळाचा वास अर्ध्या मैलावरून यायला लागतो, चिपाडाचा धूर आणि उकळत्या रसाचा. ऑइल इंजिन एका सुरात चाललेलं, त्याचा पट्टा उसाच्या चरकाला जोडलेला. आप्पांनीच बसवून दिलेलं ते इंजिन. सकाळी सुरू झालं की दिवस मावळेपर्यंत कोणी त्याच्याकडे बघतसुद्धा नसे. चरकात ऊस घालायला बापू होता. त्याची अर्धा एकर जमीन भाऊसाहेबांच्या मळ्याला लागून, आणि हंगामात तो गुऱ्हाळावर यायचा. पलटणीत सहा वर्षं काढून, दोन मुलखांतल्या लढाया करून तो अंगावर ओरखडा न घेता आला होता. मला लहानपणापासून ओळखायचा.

"शके, ये ये! काकवी खा पोरी. रस पी. नुसती काडी झालीयास की गं."

"बापू, तुम्ही लई जाड झालाय व्हय?"

"पलटणीचं खाणं. तुज्या भावाला इचार, त्येला बी दिलं आसंल की," आणि त्याने दादाकडे बघून डोळा मिचकावला. भाऊसाहेब मोटारीचं झाकण उघडून गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला इंजिन दाखवत होते. बापूची बायको हौसा हिने मला केळीच्या पानावर गरम गूळ आणि शेंगदाणे दिले. मी पहिला घास घेतला असेल नसेल तोच इंजिनाचा सूर बदलला. जड झाला. मी मान वर केली तेव्हा बापूचा उजवा हात कोपरापर्यंत चरकात गेला होता.

तो ओरडला नाही. ओरडली ती हौसा. पोरांनी इंजिनाचा पट्टा उडवला, चरक उलटा फिरवून हात काढला. त्या हाताचं वर्णन मी करणार नाही. दादाने, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, झटकन आपला कमरेचा पट्टा काढून बापूच्या दंडाला आवळला आणि रक्त थांबवलं. मिरजेच्या इस्पितळाशिवाय दुसरं ठिकाण नव्हतं, आणि मोटार समोर उभी होती. वीस-बावीस मैल. जुन्या दांड्यावर ती गाडी तासाभरात आम्हाला तिथे बिनबोभाट सोडती.

भाऊसाहेब म्हणाले, "थांबा." आम्हाला वाटलं ते स्वतः चालवणार. त्यांनी गड्याकडून दोन पोती मागवली आणि चामड्याच्या सीटवर अंथरून घेतली. मग म्हणाले, "दत्तू, तूच ने. मी मागून येतो." बापूला पोत्यावर बसवलं. दादा चालवायला, हौसा आणि मी डिकीत.

पहिले पाचसहा मैल गाडी पळाली. पुढे बापूची मान डोलत होती. हौसा माझं मनगट धरून बसली होती. "पोचल न्हवं गं गाडी?" तिने विचारलं. मी म्हणाले, "पोचल." मला आवाज येत होता. तीन नंबर वाजत होता, आधी घड्याळासारखा, मग तव्यावर उलथनं आपटावं तसा. मग कार्ब्युरेटरमधून फटाके फुटायला लागले आणि गाडी तीन सिलिंडरवर आली. दादाने वेग कमी करायला हवा होता. त्याने पाय आणखी दाबला. एक मैल ती तशी ओढत गेली, मग पोटात घणासारखे ठोके पडले, आणि भर उन्हात, दोन्ही बाजूंना ऊस, मागेपुढे कोणी नाही अशा ठिकाणी ती थांबली. दादाने पुढून हँडल मारायचा प्रयत्न केला. हँडल जागचं हललं नाही. कॅमचा कीस तेलात मिसळून सगळीकडे गेला होता आणि बेअरिंगं जाम झाली होती. दादा हँडलवर लटकला, मग मोटारीला लाथा घालायला लागला, मग रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागला.

बापू शुद्धीवर होता. तो हळूच म्हणाला, "रडू नगंस रं गड्या. येईल की कायतरी."

कायतरी म्हणजे उसाची बैलगाडी आली, तीही तासाने. ऊस रस्त्यावर टाकून बापूला तिच्यात निजवलं. तीन मैल आम्ही बैलांच्या चालीने गेलो. मग एक भरलेली सर्व्हिस मोटार भेटली, तिच्यातली माणसं खाली उतरली, जागा केली. मिरजेला पोचेपर्यंत चार तास झाले होते. दंडाला आवळलेला पट्टा इतका वेळ तसाच राहिला होता, खालचा सगळा हात निळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला असतात तर कोपर वाचवता आलं असतं. त्यांनी हात खांद्याजवळ काढला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बैल लावून ती गाडी शेडमध्ये ओढून आणली. हात न लावण्याची प्रतिज्ञा त्यांनी मोडली. इंजिन उघडलं, दांडा बाहेर काढला आणि मला हाक मारली. तीन नंबरचा उंचवटा राहिलाच नव्हता. तिथे गुळगुळीत गोल झालं होतं. "हात लाव," ते म्हणाले. मी बोट फिरवलं. "कवापासनं गॅप वाढत हुता?"

"आठ दिस," मी म्हणाले.

मी मार खायला तयार होते. मला मार हवा होता. "दत्तू गाढव हाय," आप्पा म्हणाले. "भाऊसाहेबाला तर काय म्हणावं. त्येंला कळतच न्हवतं. तुला कळत हुतं."

त्यानंतर त्यांनी फळीवरचा चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि डोळ्याला लावला. पट्ट्यांची डबी स्वतःच्या खिशात ठेवली.

भाऊसाहेबांनी गावभर सांगितलं की तेल खराब होतं. बापूला त्यांनी गुळाची एक ढेप पाठवली, त्याच गुऱ्हाळातली. वर्षाच्या आत त्यांनी दुसरी मोटार घेतली आणि ती दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. दादा मुंबईला गेला आणि मोटारींचे सुटे भाग विकायला लागला. चांगलं बस्तान बसलं त्याचं. एकदा मी विचारलं, दादा, मालाची परीक्षा करून घेतोस का रे? तो म्हणाला, "गिऱ्हाइकानं करावी." मी पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही. राखीला मात्र तो यायचा आणि मी बांधायचे. आपण सगळेच असे असतो.

बापू घरी आल्यावर मी त्याच्याकडे गेले. कोणी पाठवलं नव्हतं. हौसा चुलीपाशी होती, तो भिंतीला टेकून बसला होता, सदऱ्याची उजवी बाही आत दुमडलेली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: कानशीचा कीस, गॅप, आठ दिवस, आप्पांशी बोललेलं खोटं, गाडी चालवण्याची हौस. काही गाळलं नाही. हौसा उठली आणि म्हणाली, "जा इथनं. आमच्या दारात उभी ऱ्हाऊ नगंस."

"थांब," बापू तिला म्हणाला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तुमाला ऑइल इंजिन चालवाय येतंय का?"

जन्मभर मला तू म्हणणारा माणूस मला तुमी म्हणाला. मी म्हणाले, येतंय.

"चरकावर आता मी कामाचा न्हाई. इंजिनावरचा गडी हंगाम झाल्यावर जानार हाय. मला शिकवा."

मी दुसऱ्या हंगामापर्यंत जात राहिले. आठवड्यातून दोनदा, सर्व्हिस मोटारीने आष्ट्यापर्यंत आणि पुढे पायी. आई म्हणायची, तरुण पोर, लोक काय म्हणतील. आप्पा म्हणाले, "जाऊ दे तिला." दरम्यान एक स्थळ त्यावरून मोडलंही. मी बापूला तेल कधी बदलायचं ते शिकवलं, डिझेलची गाळणी धुवायला, पट्ट्याचा ताण बघायला, आवाजावरून आजार ओळखायला. तो चटकन शिकायचा. कामाचं तेवढं विचारायचा. हौसाने मला त्या सबंध काळात एकदाही पाणी विचारलं नाही, आणि मी मागितलं नाही. येताना तांब्या घेऊन यायचे.

शेवटचं अडलं ते इंजिन सुरू करण्यावर. त्याला दोन हात लागतात. एकाने हँडल फिरवायचं आणि चाकाने वेग घेतला की त्याच क्षणी दुसऱ्याने वरची खिटी, म्हणजे दाब सोडून ठेवणारा खटका, पाडायची, म्हणजे दाब धरून इंजिन पेटतं. बापूने खिटी गुडघ्याने पाडून बघितली, खांद्याने बघितली. हँडल उलटं बसून त्याच्या उरलेल्या हाताला दोनदा मार लागला. मी म्हणाले, सुरू करायपुरता एखादा माणूस ठेवा. त्याने हँडल पुन्हा लावलं.

एका सकाळी मी गेले तेव्हा खिटीला सुताची दोरी बांधलेली होती. बापूने दोरीचं टोक दातात धरलं, डाव्या हाताने हँडल घेतलं आणि फिरवायला लागला. जड चाक आधी कुरकुरलं, मग हललं, मग वेग घेऊ लागलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या. मी पुढे होणार होते, हौसाने मला हाताने मागे ढकललं. त्याने मान झटकली, खिटी पडली, इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि धरलं. धुराची वलयं पत्र्याच्या नळीतून वर जायला लागली. गुऱ्हाळावरची माणसं ओरडली. बापूने हँडल काढून भिंतीला टेकवलं, तोंडातली दोरी थुंकली, आणि तो इंजिनाचा सूर नीट लागेपर्यंत ऐकत उभा राहिला.

मग तो माझ्याकडे वळला. "झालं," तो म्हणाला. "आता तुमी आला न्हाई तरी चालंल."